कॉम्प्युटरचं विचारा ताईला : आधी विनव्हर, मग पाकीट

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून या पानावर येणाऱ्या पत्रांचा सूर एकच, "ताई, अकरा टाकू का?" टाका की, पण आत्ता मशीनवर काय आहे ते तरी सांगा. "विंडोज आहे" एवढ्यावर भागत नाही हो. किराणा दुकानात जाऊन नुसतं "तांदूळ द्या" म्हटलं तर तोही विचारतो, इंद्रायणी की कोलम, जुना की नवा.

म्हणून या वेळी पत्रांच्या आधी दोन मिनिटांचा गृहपाठ. की-बोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, डाव्या कोपऱ्यात खाली छोटी खिडकी उघडते, त्यात विनव्हर टाईप करा, म्हणजे इंग्रजीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर, आणि एंटर. विंडोज १० की ११, कोणतं व्हर्जन, होम की प्रो की अजून काही (याला एडिशन म्हणतात), सगळं तिथे लिहिलेलं असतं. मग परत तीच खिडकी उघडा आणि एस-एल-एम-जी-आर, एक स्पेस, फॉरवर्ड स्लॅश, आणि त्याला चिकटून डी-एल-आय असं टाका. पाच-सात सेकंद काहीच होत नाही, लोकांना वाटतं चुकलं आणि ते परत एंटर मारतात, मग दोन चौकटी येतात. थांबा जरा. ही कमांड फक्त दाखवते, काही बदलत नाही. चौकटीच्या दुसऱ्या ओळीत शेवटी 'चॅनल' असा शब्द असतो, त्याच्या अलीकडे काय लिहिलंय ते महत्त्वाचं. ओईएम असेल तर विंडोज मशीनबरोबर आलंय आणि मशीनबरोबरच राहणार. रिटेल असेल तर बहुधा वेगळं घेतलेलं लायसन्स (बहुधा का म्हणाले ते पुढे सांगते). आणि घरच्या मशीनवर व्हॉल्यूम असं दिसलं तर काहीतरी शिजतंय असं समजा, कारण ते लायसन्स ऑफिसं, कॉलेजं, मोठ्या कंपन्या यांच्यासाठी असतं.

आता पत्रं.

माझा लॅपटॉप २०१७ चा, आय५ सातवी जनरेशन, ८ जीबी रॅम. पेन्शनची कामं, बँक आणि नातवाशी व्हिडिओ कॉल, बास. सपोर्ट संपल्याचा मेसेज सारखा येतो. दुकानदार म्हणतो १२०० रुपयांत अकरा टाकून देतो, नाहीतर नवीन घ्या. काय करू? – निवृत्त शिक्षक, सातारा

सर, दुकानदार खोटं बोलत नाहीये पण अर्धंच बोलतोय. पहिली गोष्ट, ज्या मशीनला अकरा चालतं त्याला दहावरून अकरावर जायला मायक्रोसॉफ्ट एक रुपया घेत नाही, तेव्हा ते १२०० रुपये विंडोजचे नाहीत, त्याच्या मेहनतीचे आहेत. मेहनतीचे पैसे घ्यावेत, माझं काही म्हणणं नाही, पण बिलावर तसं लिहावं.

दुसरी गोष्ट अशी की तुमच्या मशीनला अकरा अधिकृतपणे चालतच नाही. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, सातव्यातले अगदी मोजके चालतात, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. तरीही तो टाकून देऊ शकतो, कारण ही तपासणी चुकवून इन्स्टॉल करायच्या युक्त्या आहेत आणि त्या सगळ्या दुकानदारांना पाठ आहेत. चालेलही ते, कदाचित दोन वर्षं छान चालेल. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी नाही असं मायक्रोसॉफ्टने आधीच सांगून ठेवलंय, आणि दर वर्षी येणारं मोठं व्हर्जन आपोआप येत नाही, म्हणजे दर वर्षी परत त्याच दुकानात आणि परत १२००. बँकेचं काम करणाऱ्या मशीनवर मी तरी हे करणार नाही.

मग काय? दहावरच रहा, पण नुसतं बसून राहू नका. वाढीव सुरक्षा अपडेटची एक सोय आहे, तिला ईएसयू म्हणतात, घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी विनव्हरमध्ये २२एच२ हे व्हर्जन दिसायला हवं, नसेल तर आधी तिथपर्यंत अपडेट करा. मग सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात विंडोज अपडेट, तिथे 'एनरोल नाऊ' अशी लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केलात तर पैसे लागत नाहीत. नको असेल तर ३० डॉलर किंवा त्यांचे १००० रिवॉर्ड पॉईंट असे दोन रस्ते आहेत, पण अकाउंट मात्र तिन्हीत लागतंच. एका अकाउंटवर १० मशीन बसतात, म्हणजे वहिनींचा जुना लॅपटॉप असेल तर तोही उरकून घ्या. यात नवीन फीचर वगैरे काही मिळत नाही, फक्त सुरक्षेची ठिगळं, आणि तुम्हाला तेवढंच हवंय.

त्या तारखेनंतर मात्र दोनच रस्ते, नवीन मशीन किंवा लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टीम. व्हिडिओ कॉल आणि बँक दोन्ही ब्राउझरमध्येच करत असाल तर मिंट तुमच्या ८ जीबीवर आरामात चालेल, लायसन्सची भानगडच नाही. एकदा पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, इन्स्टॉल न करता बघता येतं. नातवाला सांगा, त्याला आवडेल हे काम.

२०२० साली कंपनीचा लॅपटॉप घेतला, तेव्हा त्यात विंडोज होतं. मागच्या वर्षी स्लो झाला म्हणून दुकानात फॉरमॅट करून आणला. आता "तुमचं लायसन्स लवकरच संपतंय" असा मेसेज येतो. विंडोजचं लायसन्स दर वर्षी भरावं लागतं का? – कापड व्यापारी, जळगाव

नाही दादा, विंडोज काय लाईटबिल नाही दर महिन्याला भरायला. तुम्ही पाठवलेला फोटो बघितला, चौकटीत 'प्रोफेशनल एडिशन' आणि खाली 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट चॅनल' असं स्पष्ट दिसतंय. झालं काय ते सांगते, कारण हे निम्म्या महाराष्ट्रात झालेलं असावं असा माझा संशय आहे.

केएमएस ही मोठ्या ऑफिसांची पद्धत. ऑफिसमध्ये एक सर्व्हर असतो, बाकीची मशीन त्याला विचारून ॲक्टिव्हेट होतात, ते ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं आणि मधे मधे त्याच सर्व्हरला भेटून मुदत वाढवून घेतात. असा सर्व्हर काम करायला लागायलाच किमान २५ कॉम्प्युटर लागतात. तुमच्या कापडाच्या दुकानात २५ कॉम्प्युटर आहेत का? नाहीत ना. म्हणजे फॉरमॅट करणाऱ्याने एक क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवायचा चोरटा प्रोग्राम चालवलाय जो मशीनला फसवतो की बाबा मीच तो सर्व्हर. तो क्रॅक कधी तरी अँटिव्हायरसने उडवला किंवा अपडेटने मोडला, मुदत वाढली नाही, आणि आता मेसेज यायला लागलाय. पाहिजे तर त्याच खिडकीत डी-एल-आय च्या जागी एक्स-पी-आर टाकून बघा, कायमचं ॲक्टिव्हेट असेल तर तसं सांगतं, नाहीतर मुदत संपायची तारीख दाखवतं.

आणि आता खरी गंमत, म्हणजे रडू यावं अशी गंमत. तुमच्याकडे खरं लायसन्स आहे! विंडोज ८ च्या काळापासून लॅपटॉप कंपन्या लायसन्सची 'की' (ॲक्टिव्हेट करायचा नंबर) स्टिकरवर छापण्याऐवजी थेट मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये (मशीन चालू होताना विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्राम) भरून देतात. फॉरमॅट केलं, हार्ड डिस्क बदलली, तरी ती तिथेच असते. तुम्ही विंडोजचे पैसे २०२० मध्येच भरलेत, लॅपटॉपच्या किमतीत. फक्त ती की होमची आहे आणि दुकानात जो पेन ड्राइव्ह होता त्यात प्रो होतं, सगळ्यांना तोच लावतात, एकच चावी सगळ्या कुलपांना. होमची की प्रोला लागत नाही, मग ॲक्टिव्हेट होईना, मग क्रॅक. माझ्या मावशीच्या लॅपटॉपचं अगदी हेच झालं होतं, वर आमच्याकडून "ओरिजनल प्रो" म्हणून ६०० रुपये घेतले होते आणि मावशी तीन महिने सगळ्यांना अभिमानाने सांगत होती की आमच्याकडे प्रो आहे. मी चौकट उघडून दाखवली तेव्हा तिने त्या दुकानदाराला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

उपाय सोपा आहे, वेळखाऊ आहे. आधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा, बिलांच्या एक्सेल फाइल, टॅलीचा बॅकअप, फोटो, आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्डसुद्धा. दुसऱ्या एखाद्या स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लावा, तो इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह बनवून देतो. त्यावरून जुनं पार्टिशन पुसून कोरं इन्स्टॉल करा. नीट बघा, सेटअप तुम्हाला होम की प्रो असं विचारणारच नाही, की पण मागणार नाही. तो गुपचूप बायोसमध्ये डोकावतो, की वाचतो आणि जी एडिशन तुमची आहे तीच टाकतो. नेट लावलं की दोन मिनिटांत ॲक्टिव्हेट. २०२० चा लॅपटॉप म्हणजे प्रोसेसर बहुतेक यादीत असेल, तेव्हा थेट अकराच टाका, बायोसमधली दहाची की अकरालाही चालते. प्रोवरून होमवर वरच्या वर उतरता येत नाही, म्हणून हा कोऱ्या इन्स्टॉलचा खटाटोप.

आणि हो, तो क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला लावतात किंवा काही फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळतात. त्या मशीनवर तुम्ही वर्षभर नेटबँकिंग आणि जीएसटी भरताय. पासवर्ड बदला, पण विंडोज नवीन टाकल्यावर बदला, आधी नाही.

नवीन लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' लिहिलंय. म्हणजे मराठी टाईप करता येणार नाही का? दुकानातले म्हणाले मराठीसाठी प्रो घ्यावं लागेल. – बीएडची विद्यार्थिनी, नाशिक

अजिबात नाही गं. एक भाषा म्हणजे मेनूची, बटणांची, मेसेजची भाषा एक. टायपिंगशी त्याचा काही संबंध नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपमध्ये हीच एडिशन खूप वेळा असते आणि त्यावर लोक मराठी, हिंदी, उर्दू सगळं टाईप करतात. सेटिंग्जमध्ये टाईम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन, मराठी ॲड कर, आणि मग मराठीच्या समोरच्या तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्स उघडून की-बोर्डमध्ये मराठी फोनेटिक निवड. इन्स्क्रिप्ट येत असेल तर तोच ठेव, परीक्षेच्या टायपिंगला उपयोगी पडतो. विंडोज बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. एक पैसा लागत नाही.

प्रो कोणाला लागतं ते पण सांगून टाकते. बाहेरून आपल्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने यायचं असेल तर (होमवरून दुसऱ्याच्या मशीनवर जाता येतं, पण होमच्या मशीनवर तसं येता येत नाही), ऑफिसच्या डोमेनला जोडायचं असेल तर, ग्रुप पॉलिसी, हायपर-व्ही, सँडबॉक्स, पूर्ण बिटलॉकर यातलं काही लागत असेल तर. हे शब्द वाचून तुला "हे काय असतं" असं वाटलं असेल तर तुला प्रो लागत नाही. रॅमची मर्यादा होमला १२८ जीबी आहे, तुझ्यात १६ असेल, म्हणजे तीही अडचण नाही. प्रो घेतल्याने मशीन फास्ट होत नाही, ही एक अफवा मी एमएस-सीआयटी शिकवायचे तेव्हापासून ऐकतेय, तेव्हा एक्सपी होम आणि एक्सपी प्रो होतं, लोक तेव्हाही हेच म्हणायचे.

एक बघून ठेव, नावाच्या शेवटी 'एस मोड' असं लिहिलंय का. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप चालतात. स्टोअरमध्ये जाऊन या मोडमधून फुकट बाहेर पडता येतं पण परत त्यात जाता येत नाही, आणि बहुतेकांना परत जायचंही नसतं.

असेंबल पीसी आहे, आय३-८१००. पीसी हेल्थ चेक म्हणतं चालणार नाही, टीपीएम नाही. मुलगा म्हणतो आठवी जनरेशन आहे, चाललं पाहिजे. कोण बरोबर? – गृहिणी, कुडाळ

मुलगा. पीसी हेल्थ चेक, म्हणजे अकरा चालेल का ते तपासणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप, चिप बंद असली तरी नाही म्हणतं. चिप प्रोसेसरच्या आतच असते, इंटेलच्या बायोसमध्ये तिला पीटीटी म्हणतात, एएमडीत एफटीपीएम, आणि असेंबल मशीनमध्ये ती खूपदा बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये जाऊन चालू करायची, की काम झालं. मात्र अजून एक अडसर असू शकतो, पीसी जोडणाऱ्याने विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल तर डिस्कची मांडणी एमबीआर नावाच्या जुन्या प्रकारची असते, अकराला यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि जीपीटी (डिस्कची नवी मांडणी) लागतं. डिस्क न पुसता बदलायला विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे. पण क्रम चुकवू नका, आधी बॅकअप, मग टूलने डिस्क बदलायची, मग बायोसमध्ये यूईएफआय चालू करायचं. उलटं केलंत तर विंडोज उघडणारच नाही आणि घरात मुलाची खैर नाही. अकरा टाकल्यावर नाहीच आवडलं तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधूनच मागे दहावर येता येतं, त्यानंतर मात्र जुन्या फाइल पुसल्या जातात.

वीज पडली, मदरबोर्ड जळाला, नवीन टाकला. आता विंडोज ॲक्टिव्हेट नाही म्हणतं. आधी ॲक्टिव्हेट होतं हो! ऑनलाईन ३९९ रुपयांत प्रोची की मिळतेय, घेऊ का? – छापखान्याचे मालक, रत्नागिरी

विंडोजच्या नजरेत मदरबोर्ड बदलला म्हणजे माणूसच बदलला. तुमचं पीसी असेंबल आहे म्हणता, आणि आधी त्यावर विंडोज ७ होतं जे २०१५-१६ मध्ये फुकट दहावर गेलं. इथे मघाचं 'बहुधा' येतं. अशा फुकट अपग्रेड झालेल्या मशीनवर डी-एल-आय च्या चौकटीत 'रिटेल' दिसतं, लोक खुश होतात की वा, आपलं तर हलवता येणारं लायसन्स आहे. पण ते मूळ लायसन्स ओईएम असेल तर ते जुन्या बोर्डाबरोबरच गेलं. तुमच्याकडे सातचं डबाबंद, वेगळं विकत घेतलेलं रिटेल असेल तर गोष्ट वेगळी. आणि तुमच्यासारखे बरेच जण मला सातच्या जुन्या स्टिकरवरची की टाकून बघितली असं लिहितात, तो रस्ता मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरात बंद केला.

तरी एक प्रयत्न करा. जुन्या मशीनवर तुम्ही मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत होतात का? तसं असेल तर लायसन्स त्या अकाउंटला जोडलेलं असू शकतं. ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट करा, त्यात "मी नुकतंच हार्डवेअर बदललंय" असा पर्याय येतो, तो निवडून त्याच अकाउंटने लॉगिन करा, यादीत जुनं मशीन दिसलं तर निवडा. बोर्ड खराब झाल्यामुळे बदललाय हे मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टला सांगितलं तरी कधी कधी काम होतं.

३९९ च्या कीबद्दल. ती बहुतेक वेळा कुठल्या तरी ऑफिसच्या व्हॉल्यूम लायसन्समधली किंवा जुन्या भंगार मशीनची असते. टाकल्यावर ॲक्टिव्हेट होते म्हणून खरी वाटते, पण ॲक्टिव्हेट होणं आणि लायसन्स असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसऱ्याच्या रिक्षाला तुमची किल्ली लागली म्हणून रिक्षा तुमची होत नाही. पुढे की ब्लॉक झाली तर विक्रेता सापडत नाही. धंद्याचं मशीन आहे, जीएसटी बिलासकट रिटेल होम घ्या, पुढच्या वेळी बोर्ड गेला तरी नव्यावर नेता येईल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा नाहीतर गावातून, पण बिलावर विंडोज, एडिशन आणि 'रिटेल' हे शब्द लिहून घ्या. आणि तोपर्यंत मशीन चालू ठेवायला हरकत नाही, ॲक्टिव्हेट नसलेलं विंडोज चालतं, कोपऱ्यात आठवण लिहून येते आणि वॉलपेपर-रंग बदलू देत नाही एवढंच.

माझा जुना लॅपटॉप सांगलीला आई-बाबांना द्यायचाय, पुढच्या महिन्यात येतोय. अमेरिकेत घेतलेलं विंडोज भारतात चालेल ना? – एडिसन, न्यू जर्सी

चालेल, मशीनबरोबरचं लायसन्स मशीनबरोबर सांगलीला येतं. तुम्ही तुमचं अकाउंट काढून सेटिंग्जमधून पूर्ण रिसेट करा आणि बाबांचं अकाउंट इथे आल्यावर टाका. एकच गोष्ट विसरू नका. अलीकडच्या होमवरही मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात त्याला, आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. रिसेट न करता तसाच दिलात आणि सहा महिन्यांनी बायोस अपडेट झाल्यावर सांगलीत निळ्या स्क्रीनवर तो आकडा मागितला, तर तो आकडा एडिसनमध्ये, तुमच्या अकाउंटवर, आणि तिथे रात्रीचे तीन वाजलेले. म्हणून रिसेट करा, आणि बाबांच्या अकाउंटमध्ये नवीन की आलीय का ते त्यांच्यासमोर उघडून बघा, कागदावर लिहून पासबुकात ठेवा. चार्जरची पिन बदलायला लागेल, ते सुवासिक साबण आणि चॉकलेटच्या गडबडीत राहून जातं.

नवीन मशीनवर ऑफिस "लाइफटाईम" आलंय म्हणतात, खरं का? – अकाउंटंट, ठाणे

आत उघडून बघा. 'होम अँड स्टुडंट' आणि पुढे साल असेल तर त्या मशीनपुरतं कायमचं. ३६५ असेल तर ते वर्गणीचं, पहिलं वर्ष फुकट आणि मग पैसे. आणि ऑफिस २०१६ किंवा २०१९ वापरत असाल तर त्यांचाही सपोर्ट दहाबरोबर त्याच दिवशी संपलाय.

आमचं डीटीपी सेंटर आहे. विंडोज ७, ३२ बिट, जुने मराठी फॉन्ट, पेजमेकर, आणि टायपिंग सॉफ्टवेअरचा डोंगल. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका त्यात आहेत. अकरा टाकलं तर सगळं चालेल का? – डीटीपी ऑपरेटर, सोलापूर

नाही चालणार, आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. अकरा फक्त ६४ बिटमध्ये येतं. ६४ बिट विंडोजवर जुनी १६ बिट सॉफ्टवेअर उघडतच नाहीत, कधी कधी सॉफ्टवेअर ३२ बिटचं असतं पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा निघतो आणि तिथेच गाडी अडते. डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर उघडायला लावावी लागणारी ती किल्लीसारखी पिन, तर त्याहून हट्टी, त्याचा ड्रायव्हर ६४ बिटचा नसेल तर तो युएसबीत नुसताच लटकत राहतो. शिवाय ३२ वरून ६४ बिटवर वरच्या वर जाता येत नाही, सगळं पुसून कोरंच टाकावं लागतं, म्हणजे परतीचा रस्ताही बंद.

तेव्हा ते मशीन अपग्रेड करूच नका. त्याची नेटची वायर काढा, वायफायचा डोंगल असेल तर तोही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय, असं मशीन नेटवर ठेवणं धोक्याचं. पूर्ण हार्ड डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढून दोन ठिकाणी ठेवा, कारण अशा मशीनची डिस्क जाते तेव्हा नेमकी लग्नसराईत जाते. बाजूला एक अकराचं नवीन मशीन घ्या आणि नवीन काम पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करा, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांत. जुनं लागेल तेव्हा जुन्यावर उघडा, पीडीएफ काढा, पेन ड्राइव्हने इकडे आणा. मजकूर परत वापरायचा असेल तर तुमच्या फॉन्टसाठीचा युनिकोड कन्व्हर्टर शोधा, पण कन्व्हर्ट झाल्यावर रफार, 'ऱ्य' आणि जोडाक्षरं डोळ्यात तेल घालून वाचा, तिथेच घोटाळे होतात. पत्रिकेत 'सूर्यकांत'चा रफार सरकून तिसऱ्याच अक्षरावर जाऊन बसलेला मी स्वतः पाहिलाय, आणि पाचशे प्रती छापून झाल्या होत्या.